गाडीच्या काचेचं पाणी घरीच बनवा. पण बोअरचं नको आणि स्पिरिट तर नकोच

नांदेड/लातूर : सोयाबीनची मळणी सुरू झाली की रस्त्याकडेच्या प्रत्येक शेतातून भुसा उडतो. त्याच सुमारास कारखान्यांचे गाळप सुरू होते आणि उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात. धूळ, भुसा, काजळी आणि रात्रीच्या दिव्याला येणारी पाखरं हे सगळं गाडीच्या पुढच्या काचेवर येऊन बसतं. चालक काचेवर पाणी मारायला जातो तर फवाराच येत नाही. टाकी रिकामी असते, नाहीतर नोजल क्षाराने बंद झालेलं असतं.

वॉशरचं पाणी घरी बनवणं अवघड नाही. बाजारातलं महागडं औषध घेतलंच पाहिजे असंही नाही. मात्र आपल्या भागात दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे टाकीत बोअरचं पाणी ओततात, आणि दुसरी म्हणजे मोबाईलवर परदेशातला व्हिडिओ बघून त्यात स्पिरिट मिसळतात. पहिल्या चुकीने गाडीचं नुकसान होतं, दुसरीने माणसाच्या जिवाला धोका होऊ शकतो. म्हणून कोणतं पाणी घ्यायचं, त्यात काय टाकायचं, काय टाकायचं नाही आणि बनवलेलं पाणी ठेवायचं कसं, याची ही सविस्तर माहिती.

काच साफ नसली तर काय होतं?

गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली असेल तर ती एका सेकंदात जवळपास १७ मीटर पुढे जाते. दोन सेकंद समोरचं दिसलं नाही तर ३३ मीटर अंतर आंधळेपणाने कापलं जातं. एवढ्या अंतरात मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली, बैलगाडी किंवा कडेने चालणारा माणूस असू शकतो.

दिवसा काच थोडी मळकी असली तरी चालून जातं. अडचण येते ती सूर्य समोर असताना आणि रात्री. हिवाळ्यात सायंकाळी नांदेडहून लोहा, अहमदपूरमार्गे लातूरकडे निघालं की मावळतीचा सूर्य समोरच्या बाजूला असतो. काचेवर धुळीचा पातळ थर असेल तर ऊन त्या कणांवर पसरतं आणि सगळी काच पांढरी होते. रात्री समोरच्या गाडीच्या दिव्यानेही तसंच होतं. अशा वेळी कोरडा वायपर फिरवला तर धूळ आणखी पसरते आणि काचेवर बारीक ओरखडे पडतात. हे ओरखडे नंतर सहजासहजी जात नाहीत आणि रात्री प्रत्येक दिव्यापुढे चमकतात.

म्हणून नियम एकच : आधी पाणी, मग वायपर. आणि त्यासाठी टाकीत पाणी पाहिजे.

बोअरचं पाणी का नको?

आपल्या दोन्ही जिल्ह्यांचा बहुतेक भाग काळ्या पाषाणावर वसलेला आहे. देगलूर, बिलोलीच्या बाजूला ग्रॅनाइटचा खडक लागतो. खोल बोअरचं पाणी या खडकातून मुरत मुरत येतं आणि येताना कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येतं. अशा पाण्याला जड पाणी म्हणतात. जड पाणी ओळखायची खूण घरोघरी माहीत आहे. त्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि बंबाला किंवा गिझरच्या कॉईलला पांढरा थर धरतो.

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ब्युरोने जी मर्यादा ठरवली आहे, त्यात एकूण कठीणपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला मानला जातो. दुसरी सोय नसेल तिथे ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे पिण्याला चालणारं पाणीसुद्धा काचेसाठी जड असू शकतं.

ज्या शेतकऱ्याकडे ठिबक आहे त्याला वेगळं सांगायची गरज नाही. क्षाराने ड्रीपर कसे चोक होतात हे त्याने पाहिलेलंच असतं. वॉशरच्या नोजलचं भोकही तसंच बारीक. बोनेटखालच्या उष्णतेने नोजलमध्ये राहिलेलं पाणी वाळतं, क्षार मागे उरतो आणि हळूहळू भोक बुजतं. काचेवरही तेच होतं. उन्हात पाणी वाळून गेलं की पांढरे ठिपके राहतात.

गावाकडे पाणी तुरटी फिरवून निवळायची पद्धत आहे. तुरटीने गाळ खाली बसतो, पण विरघळलेला क्षार पाण्यातच राहतो. उकळल्याने थोडा क्षार खाली बसतो, सगळा नाही. म्हणून या दोन्ही उपायांवर भिस्त ठेवू नये.

मग कोणतं पाणी घ्यावं?

- बॅटरीचं पाणी : यात क्षार जवळपास नसतो, म्हणून हे सगळ्यात चांगलं. बॅटरीच्या दुकानात आणि काही पेट्रोल पंपांवर कॅनमध्ये मिळतं. घेताना 'पाणी'च घ्या. त्याच दुकानात बॅटरीचं अॅसिडही असतं. ते कातडी, कपडे, रंग सगळं जाळतं.
- आरओचं पाणी : गावातल्या प्लांटवरून येणाऱ्या जारमधलं पाणी चालतं. टीडीएस मोजायचा पेन कुणाकडे असेल तर आकडा १०० च्या आसपास किंवा खाली असावा.
- पावसाचं पाणी : पहिले दोन-तीन पाऊस जाऊ द्या, पत्रा किंवा स्लॅब धुऊन निघू द्या. नंतरचं पाणी स्वच्छ सुती कापडातून दोनदा गाळून घ्या.
- नळाचं पाणी : नांदेड शहराला विष्णुपुरी प्रकल्पातून आणि लातूरला मांजरा धरणातून पाणी मिळतं. धरणाचं पाणी बोअरपेक्षा बहुधा हलकं असतं. दुसरं काही नसेल तर हे गाळून वापरा.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. घरच्या आरओ मशीनच्या दुसऱ्या नळीतून जे पाणी वाया जातं ते टाकीत ओतू नका. 'आरओचंच आहे' म्हणून अनेक जण ते साठवून वापरतात. पण मशीनने गाळून बाजूला काढलेला क्षार त्याच पाण्यात असतो. ते बोअरच्या पाण्यापेक्षाही जड असतं.

पाणी वाया जाण्याची भीती बाळगू नका. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं होतं, ते दिवस कुणी विसरलेलं नाही. पण लहान गाडीची वॉशरची टाकी साधारण दोन-तीन लिटरची असते आणि ती अनेक दिवस पुरते. रोज बादलीभर पाणी काचेवर ओतण्यापेक्षा यात पाण्याची बचतच आहे.

कृती : एका लिटरला काय आणि किती?

साहित्य :

- बॅटरीचं किंवा आरओचं पाणी – १ लिटर
- गाडी धुण्याचा शाम्पू – अर्धा चमचा. तो नसेल तर भांडी घासायचं लिक्विड – पाव चमचा. चमचा म्हणजे चहाचा लहान चमचा.

बस्स, एवढंच.

करण्याची पद्धत :

1. स्वच्छ, कोरडा प्लास्टिकचा कॅन घ्या. त्यात आधी पाणी भरा आणि मग शाम्पू टाका. उलटं केलं तर नुसता फेस होतो.
2. कॅन हळूच चार-पाच वेळा खालीवर करा. जोरात हलवू नका.
3. दहा मिनिटं ठेवा. तळाशी कचरा किंवा गाळ दिसला तर कापडातून गाळून घ्या.
4. गाडी बंद आणि थंड असताना बोनेट उघडा. काच आणि त्यावर कारंजं असं चित्र असलेलं झाकण शोधा. तेच वॉशरच्या टाकीचं झाकण.
5. नरसाळ्याने द्रव भरा. नरसाळं तेलाचं किंवा फवारणीचं नसावं.
6. झाकण घट्ट लावा. दोन-तीन वेळा फवारा मारून बघा.

शाम्पू जास्त टाकला म्हणजे काच जास्त निघते, हा गैरसमज आहे. जास्त झाला तर काचेवर फेस येतो, वायपर त्याचे पट्टे ओढतो आणि रात्री त्याच पट्ट्यांवर दिव्यांची चमक येते. माप थोडं कमी झालं तरी बिघडत नाही.

केसांचा शाम्पू शक्यतो नको. केस मऊ राहावेत म्हणून त्यात चिकट घटक असतात, त्यांचा थर काचेवर धरतो.

झाकण ओळखायला चुकू नका

बोनेटखाली आणखी एक प्लास्टिकची टाकी असते, ती कूलंटची. त्यात हिरवा, लाल किंवा निळा द्रव दिसतो. त्यावर गरम असल्याची खूण असते. इंजिन तापलेलं असताना ते झाकण उघडलं तर उकळता द्रव अंगावर उडतो. त्यात साबणाचं पाणी पडलं तर कूलंट खराब होऊन इंजिनचा खर्च अंगावर येतो. चुकून पडलंच तर गाडी सुरू करू नका, मेकॅनिकला बोलवा.

स्पिरिट कशाला नको?

युरोप, अमेरिकेत हिवाळ्यात तापमान शून्याच्या खूप खाली जातं. तिथं टाकीतलं पाणी गोठतं, नळी फुटते. पाणी गोठू नये म्हणून तिथल्या द्रवात अल्कोहोल असतं, पुष्कळदा मिथेनॉल. त्या देशांतले व्हिडिओ बघून आपल्याकडेही काही जण स्पिरिट मिसळतात. पण नांदेड, लातूरला कडाक्याच्या थंडीतही वॉशरची टाकी गोठत नाही. म्हणजे ज्या कामासाठी स्पिरिट टाकतात ते काम आपल्याकडे नाहीच.

धोका मात्र पुरेपूर आहे. मिथेनॉल दिसायला पाण्यासारखं असतं. अगदी थोडं, १० मिलिलिटरच्या आसपास पोटात गेलं तरी दृष्टी जाऊ शकते. त्याहून थोडं जास्त गेलं तर जीव जातो. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, त्या दारूत मिथेनॉलच होतं. युरोपीय संघानेही २०१८ मध्ये नियम करून सामान्य ग्राहकाला विकायच्या वॉशर द्रवात मिथेनॉल ०.६ टक्क्यांच्या खाली ठेवण्याचं बंधन घातलं.

त्यात स्पिरिट लगेच पेट घेतं. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत स्पिरिटचा कॅन ठेवणं म्हणजे विस्तव पदराला बांधण्यासारखं आहे.

चुकून कुणाच्या पोटात असा द्रव गेलाच तर बळजबरीने उलटी करवू नका, घरगुती उपाय करत बसू नका. मिथेनॉलचा त्रास कधी कधी १२ ते २४ तासांनी दिसतो. तोवर माणूस बरा वाटतो आणि तिथंच घात होतो. लगेच १०८ ला फोन करा आणि बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठा.

टाकीत या वस्तू कधीच टाकू नका

- कपडे धुण्याची पावडर, साबणाची वडी : पावडर पूर्ण विरघळत नाही. साबणाचा जड पाण्याशी संयोग होऊन चिकट साका होतो. दोन्हीने नोजल बुजतं.
- ठिबक साफ करायचं अॅसिड, संडास साफ करायचं लिक्विड : क्षार निघतो हे खरं, पण गाडीचा रंग, पंप आणि धातूचे भाग खराब होतात. फवाऱ्याचे तुषार डोळ्यांत, श्वासात जातात.
- ब्लीच : रंग आणि रबर खातं. अॅसिड किंवा व्हिनेगरशी मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू निघतो.
- रॉकेल, डिझेल, पेट्रोल : काचेवर तेलकट थर बसतो, रबर फुगतं, आगीचा धोका वेगळाच.
- फिनेल : पाणी दुधाळ होतं आणि काचेवर साय धरते.
- नीळ : दुकानातल्यासारखा निळा रंग यावा म्हणून काही जण टाकतात. त्याचा काच साफ होण्याशी संबंध नाही. पांढऱ्या गाडीवर डाग पडतात आणि लेकरांना ते सरबत वाटू शकतं.
- लिंबाचा रस : गर नोजलमध्ये अडकतो आणि पाणी नासतं.

कॅन कोणता वापरायचा?

सगळ्यात महत्त्वाचं इथंच आहे. बनवलेलं पाणी पिण्याच्या पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत ठेवू नका. प्रवासात तहान लागली की माणूस लेबल वाचत नाही, हाताला येईल ती बाटली तोंडाला लावतो. लेकरांचं तर विचारूच नका.

तसंच कीटकनाशकाचा किंवा तणनाशकाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी यासाठी घेऊ नका. औषधाचा अंश प्लास्टिकमध्ये राहतो. फवारा काचेवर पडतो तिथूनच, काचेच्या खालच्या जाळीतून, गाडीत हवा येते. म्हणजे ते तुषार सरळ गाडीत बसलेल्यांच्या श्वासात जातात.

कूलंटचा किंवा बॅटरीच्या पाण्याचा रिकामा कॅन धुऊन घ्या. जुनं लेबल काढा आणि त्यावर ठळक अक्षरात लिहा : 'काचेचं पाणी – पिऊ नये'. वाचता न येणाऱ्यासाठी लाल पट्टी मारा. मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवा.

एकदाच पाच-दहा लिटर का करू नये?

साचलेल्या कोमट पाण्यात जंतू वाढतात. ब्रिटनच्या आरोग्य संरक्षण संस्थेच्या संशोधकांनी २०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. वॉशरच्या टाकीत नुसतं पाणी वापरणाऱ्या गाड्यांतून फिरणाऱ्यांना 'लेजिओनेअर्स' नावाच्या न्यूमोनियाचा धोका जास्त असल्याचं त्यात दिसलं. बाजारातल्या तयार द्रवात जंतू वाढू नयेत म्हणून घटक असतात. घरच्या पावचमचा लिक्विडने ते काम होत नाही.

म्हणून गरजेपुरतं, एक-दोन लिटरच बनवा आणि पंधरा दिवसांत संपवा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी फवारा मारून रिकामी करा. पाण्याला वास आला, हिरवट शेवाळ दिसलं तर ते फेकून टाकी धुवा. ज्यांची गाडी रोज चालत नाही, घरात वयस्कर माणूस किंवा दम्याचा पेशंट गाडीत बसतो, त्यांनी तयार द्रव आणून बाटलीवरच्या मापाप्रमाणे आरओच्या पाण्यात मिसळलेला बरा.

आधीच बोअरचं पाणी भरलं असेल तर?

1. टाकी जमेल तेवढी रिकामी करा.
2. एक लिटर कोमट पाण्यात अर्धा कप पांढरं व्हिनेगर मिसळून टाकीत घाला. किराणा दुकानात मिळतं तेच.
3. नोजलपर्यंत पोहोचेल एवढा फवारा मारा आणि अर्धा तास थांबा.
4. बारीक टाचणीने नोजलचं भोक हळूच मोकळं करा. जोर लावू नका, भोक मोठं झालं तर फवाऱ्याची पिचकारी होते.
5. सगळं व्हिनेगर फवारून काढा, नंतर दोनदा आरओचं पाणी फिरवा. बोनेटवर पडलेलं लगेच धुवा.

काचेवरचे पांढरे ठिपके काढायला निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी मऊ कापडावर घेऊन सावलीत पुसा आणि साध्या पाण्याने धुऊन टाका. व्हिनेगर कायम टाकीत ठेवू नका.

फवारा येत नाही? आधी हे बघा

- बटण दाबल्यावर पंपाचा आवाज येतो, पाणी येत नाही : टाकी रिकामी, नोजल बुजलेलं किंवा नळी निघालेली.
- आवाजच येत नाही : फ्यूज किंवा पंप. मेकॅनिकला दाखवा.
- गाडीखाली पाणी सांडतं : नळी फाटलेली. गोठ्याजवळ, कोठीजवळ गाडी उभी राहते तिथं उंदीर नळ्या कुरतडतात. आधी तिथंच बघा.
- टाकी रिकामी असताना बटण दाबून धरू नका. पंप कोरडा फिरून जळतो. पाणी असतानाही एका वेळी पाच-सात सेकंदच दाबा.

वायपर आणि आतली काच

पाणी कितीही चांगलं असलं तरी वायपरचं रबर कडक झालं असेल तर काच निघणार नाही. आपल्याकडच्या उन्हात रबर लवकर तडकतं. मृगाच्या आधी, दरवर्षी मे अखेरीस ते तपासा. पट्टे पडत असतील, कर्रकर्र आवाज येत असेल तर बदला. आठवड्यातून एकदा ओल्या कापडाने रबराची कड पुसली तरी खूप फरक पडतो.

वायपर ही हौसेची वस्तू नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम १०१ नुसार मोटारीला चालू स्थितीतला वायपर असणं बंधनकारक आहे.

बाहेरून काच लख्ख असूनही रात्री धूसर दिसत असेल तर हात आतून फिरवून बघा. उन्हात डॅशबोर्डचं प्लास्टिक तापून काचेवर आतून बारीक तेलकट थर बसतो. तो वॉशरने जात नाही. किंचित ओल्या कापडाने आणि नंतर कोरड्या कापडाने पुसा.

थोडक्यात

- पाणी बॅटरीचं, आरओचं किंवा पावसाचं. बोअरचं नाही, आरओच्या वाया जाणाऱ्या नळीचंही नाही.
- लिटरला अर्धा चमचा गाडीचा शाम्पू किंवा पाव चमचा भांड्यांचं लिक्विड.
- स्पिरिट, अॅसिड, पावडर, नीळ काही नाही.
- पिण्याच्या बाटलीत नाही, औषधाच्या डब्यात नाही.
- पंधरा दिवसांत संपवा.
- आधी पाणी, मग वायपर.

गाळप हंगामात आणि मळणीच्या दिवसांत रात्री गाडी काढायची असेल तर हवा आणि डिझेल बघतो तसं निघण्याआधी एकदा फवारा मारून बघावा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.